बाबा खाली पोहोचले

५ ऑक्टोबर

आले एकदाची! बसमधून उतरले तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते आणि पोटात सकाळपासून काही नव्हतं, तरी मन इतकं हलकं होतं की ड्रायव्हरचे दोनदा आभार मानले. तो माझ्याकडे बघतच राहिला.

स्टँडवर बाबा उभे होते. डोक्याला लोकरीची टोपी, हातावर माझ्यासाठी आणलेला जाड कोट. माझ्या आधी एक उंच बाई उतरली. बाबांनी लगबगीने पुढे होऊन तिचीच बॅग घेतली आणि "आलीस गं ठमे!" म्हणत तिच्या पाठीवर थाप मारली. बिचारी पार भांबावली. मी मागून म्हटलं, बाबा, ठमी मी आहे. मग आम्ही तिघंही हसलो, बाबा सगळ्यात जास्त. त्यांनी मला सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता केस पिकायला लागलेत. कसं ओळखणार माणूस? मीसुद्धा त्यांना टोपीवरूनच ओळखलं. टोपीचा रंग फोनवर सांगितला होता.

माणूस भेटला की मी आधी त्याचे दात बघते. धंद्याची खोड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मेणाचे साचे आणि लोकांच्या कवळ्या, दुसरं काय सुचणार? बाबांचे दात या वयातही स्वतःचे आहेत, घट्ट आणि पिवळे. माझे आईसारखे, पुढे थोडे आलेले.

घर छान आहे. खालच्या खोलीत खुंट्यांवर दोर, बर्फात बुटांना लावायचे लोखंडी काटे, कंदील, सगळं जिथल्या तिथे. कोपऱ्यात टेबलावर वायरलेस, त्यावर क्रोशाचं झाकण. डोंगरात वर एक खोपी आहे, तिथे कुणी मुक्कामाला असलं की मावशी रोज संध्याकाळी त्यांच्याशी यावरून बोलते. मावशी म्हणजे बाबांची बायको. तिला काय म्हणायचं हा प्रश्न मला बसभर छळत होता. तिनेच दारात सोडवून टाकला. मावशी म्हण, म्हणाली, आणि हात धू, सूप गार होतंय.

बाईत खोट काढावी असं ठरवून आले होते. अजून सापडली नाही.

माझी खोली वर आहे. खिडकीत डोंगर. एवढा जवळ की पडदा लावताना त्याच्या अंगाला हात लागेल असं वाटलं. आई असती तर मी आले नसते. तिला जाऊन वर्ष झालं, मग बाबांचा फोन आला, आणि मी आले. आई म्हणायची, तुझ्या बापाला डोंगर दिसला की घर दिसत नाही. आज मला एकाच वेळी दोन्ही दिसतंय, गंमत आहे.

७ ऑक्टोबर

बाबांना इथे सगळे उस्ताद म्हणतात. चाळीसएक वर्षं वाटाड्याचं काम. रस्त्याने चाललो की दुकानांतून हाका येतात आणि बाबा दर वेळी माझी ओळख करून देतात, ही माझी मुलगी, मोठ्या शहरात दातांची डॉक्टर आहे. मी पहिल्या दोनदा दुरुस्त केलं. मग सोडून दिलं. असू दे डॉक्टर.

बूट भाड्याने देणारी बाई माझ्या पायात बूट घालून अंगठ्याशी दाबून बघत होती. तिनं सांगितलं की उस्तादांनी आजवर एकही माणूस वर सोडलेला नाही. काय वाट्टेल ते हवामान असो, जेवढे नेले तेवढे खाली आणले. बाबा दारात उभे होते, ऐकून न ऐकल्यासारखं करत. मी म्हटलं, खाली मात्र सोडतात ते. हसत म्हटलं होतं. ती बाईही हसली. बाबांनी बाहेर जाऊन आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

उद्या निघायचं ठरलंय. खोपीत मुक्काम, मध्यरात्रीनंतर कंदील घेऊन चढाई, सूर्य उगवताना शिखरावर. रात्रीच चढायचं कारण बर्फ तेव्हा घट्ट असतो, ऊन लागलं की सुटतो. मोसम संपत आलाय, बाकीचे वाटाडे घरी बसलेत. चौकातल्या हवामान कचेरीने पाटी लावलीय, दोन दिवसांत वादळ. बाबा म्हणाले, ते लोक खिडकीतून बघून पाटी लिहितात.

रात्री भांडी घासण्याच्या आवाजाआडून मावशीचा आवाज आला. हळू बोलत होती, पण चिडलेली होती. "तुम्हाला तिला दाखवायचं काय आहे एवढं?" बाबा काहीतरी म्हणाले. मग नळ बंद झाला.

मी मुद्दाम खाली उतरून म्हणायला हवं होतं, नको बाबा, पुढच्या वर्षी जाऊ. पण मला जायचंय. कुणीतरी मला काहीतरी दाखवायला निघालंय, तेही बाबा. मी काय मूर्ख आहे नाही म्हणायला?

८ ऑक्टोबर, खोपी

केवढं चढलो! आणि मी मेले नाही! बाबांनी दोनदा शाबासकी दिली.

खोपी म्हणजे दगडाची एक खोली, वर पत्रा, आत फळ्यांचे पलंग एकावर एक, एक स्टोव्ह, एक खिडकी, भिंतीत लाकडी पेटीत वायरलेस. पलंगांच्या फळ्यांवर लोकांनी नावं कोरलीत, बदाम आणि बाण काढलेत. इतक्या उंचावर येऊन माणसं तेच करतात. बाहेर तारांनी ताणून उभा केलेला वायरलेसचा खांब. तो गोठला की आवाज येत नाही, मग काठीने बर्फ झटकायचा.

मावशीशी बोललो. तिनं विचारलं, मोजे कोरडे आहेत का. एवढंच, पण दोनदा विचारलं.

बाबांनी दोर कसा बांधायचा ते शिकवलं. माझ्या कमरेला स्वतः बांधला, गाठ ओढून पाहिली, सोडली, परत बांधली. वाकले होते तेव्हा त्यांच्या टाळूवरचा गोल विरळ भाग दिसला. माझ्या बुटाची नाडीसुद्धा ज्या माणसानं कधी बांधली नाही त्यानं आज मला दोराने स्वतःशी बांधून घेतलं. डोळे भरून आले, स्टोव्हच्या धुरावर ढकललं.

मी त्यांना विचारणार होते, का गेलात. इतकी वर्षं वाक्य तयार आहे. पण ते चहात साखर ढवळत होते आणि मला म्हणाले, तुला किती चमचे गं? उत्तर दिलं आणि ते वाक्य राहिलं. वर गेल्यावर विचारेन. वर गेल्यावर माणूस खरं बोलत असेल.

वारा सुटलाय. पत्रा वाजतोय. बाबा म्हणतात, वाजू दे, त्याला सवय आहे.

९ ऑक्टोबर, सकाळ, खोपी

हात धड चालत नाही तरी लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

मध्यरात्रीनंतर निघालो. सुरुवातीला तारे होते. बाबा पुढे, मी मागे, मधे दोर. बर्फ काट्यांखाली कुरकुरत होता आणि मी खुशीत होते, अगदी लहान मुलासारखी. मग एकेक करून तारे विझले. पाटीवाले बरोबर होते. वारा आधी आवाजासारखा आला, मग भिंतीसारखा. कंदिलाचा उजेड हातभर पुढे जाऊन थांबायचा, त्यापुढे पांढरा अंधार. मी ओरडले, परतू या. दोर पुढेच ओढला जात राहिला. त्यांना ऐकू आलं नसेल. आलंही असेल.

कड्याच्या धारेवर माझा पाय घसरला. शरीर एकीकडे गेलं, गुडघा दुसरीकडे. आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला, वाऱ्यातसुद्धा ऐकला. आई गं, म्हणून किंचाळले. बाबा दोर धरून खाली आले आणि पहिली गोष्ट काय म्हणाले, तर "अगं, थोडंच राहिलं होतं!"

थोडंच राहिलं होतं.

खोपीपर्यंत कसं आणलं ते मला नीट आठवत नाही. ओढत, बसत, सरकत. आणलं मात्र त्यांनी, ते नाकारणार नाही. गुडघा पावासारखा फुगलाय. वायरलेसमध्ये नुसती खरखर. खांब झटकूनही खरखरच.

उजाडल्यावर बाबा म्हणाले, मी खाली जातो, माणसं आणि स्ट्रेचर घेऊन येतो. वारा मधे जरा पडला होता. सूप आहे, रॉकेल आहे, घाबरू नकोस. ते बोलत होते तेव्हा माझ्याकडे नाही, माझ्या गुडघ्याकडे बघत होते. एखाद्याने आपली महागाची वस्तू फोडून ठेवावी तसे. दोर घेऊन गेले. दारात मी विचारलं, याल ना? म्हणाले, काहीतरीच काय.

संध्याकाळ

बाबा आले!

अंधार पडताना दार उघडलं आणि आत आले. एकटेच. वाट मधेच बंद झालीय म्हणाले, म्हणून परत फिरलो, तुला एकटीला कसं सोडू? मी लहान मुलीसारखी रडले. किती वाईट वाईट विचार केले होते दिवसभर. त्यांनी माझं डोकं पोटाशी धरलं. कोट गारठलेला होता, पण मला काय त्याचं.

गुडघ्याला फडकं बांधून दिलं. मग पलंगाच्या कडेला बसून, मी न विचारता, म्हणाले, "ठमे, मी तुला सोडून गेलो ते फार वाईट केलं. त्याला काही कारण नव्हतं. मी भित्रा होतो, बस."

तीस वर्षं मी हे ऐकायला थांबले होते. हे असं, सरळ, एका दमात. बाहेर जग संपलं तरी चालेल असं झालं मला.

मग त्यांनी म्हटलं, तू सांग. सगळं सांग, मी नव्हतो तेव्हाचं. आणि मी सांगत राहिले. शाळेसमोर पावसात उभी राहिले होते ते. टायफॉइड झाला ते. आई रुग्णालयाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची, तिच्या मनगटावर भाजल्याचे पट्टे असायचे, ते. लग्न ठरलं आणि मोडलं ते. ते ऐकत होते. इतकं ऐकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पापणी लवत नव्हती.

झोपण्याआधी पाहिलं, त्यांच्या खांद्यावरचा बर्फ अजून तसाच होता. स्टोव्ह शेजारी होता.

१० ऑक्टोबर

नीट लिहिते. जे झालं तेवढंच.

सकाळी वारा कमी झाला. बाबा स्टोव्हपाशी पाठ करून बसले होते, काडी ओढत होते. वायरलेसमध्ये अचानक खरखर फुटली आणि मावशीचा आवाज आला. मी पलंगावरून सरकत पेटीपर्यंत गेले. मावशी म्हणाली, किती वेळ हाका मारतेय, कशी आहेस? विश्रांती झाली का?

मला कळेना. म्हटलं, कसली विश्रांती?

ती म्हणाली, ते म्हणाले तुला आवडलंय तिथे, एक दिवस राहतेस, हवामान उघडलं की आणू. मला पटलं नव्हतं गं, पण तू त्यांचीच मुलगी, हट्टी असशील.

मी विचारलं, कोण म्हणालं?

"अगं हे. काल दुपारी खाली पोहोचले. आल्यापासून झोपलेत. थकलेत फार. घोरणं ऐकू येत नाही का तुला?"

ऐकू येत होतं. तिच्या आवाजामागे, लांब, एक घोरणं. मधे अडकणारं आणि शिटीसारखं सुटणारं. माझी खोली त्यांच्या खोलीशेजारी होती, तेच घोरणं मी तीन रात्री ऐकलं होतं.

समोर बाबा काडी ओढत होते. स्टोव्ह पेटला. त्यांनी मान वळवली नाही.

मी मावशीला गुडघ्याचं सांगितलं. सगळं सांगितलं, ते वर ओढत राहिले, मी पडले, स्ट्रेचर आणतो म्हणून गेले. नुसती खरखर आली, मला वाटलं खांब परत गोठला. मग म्हणाली, त्यांनी मला हे सांगितलं नाही. एवढंच, अगदी हळू. मग मोठ्याने म्हणाली, मी आत्ताच्या आत्ता माणसं गोळा करते. धीर धर बाळा. तू एकटी आहेस ना तिथे?

हो म्हटलं. काय म्हणणार होते?

पेटी बंद केली. त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप धरला. "कोण होतं?" विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही. ते हसले. कपाळावरून हात फिरवला. फार प्रेमाने फिरवला.

त्यांच्या स्वतःच्या कपावर पापुद्रा आला होता, बर्फाचा.

१० ऑक्टोबर, नंतर

दार उघडून पळावं तर पाय नाही. आणि पळून कुठे, त्या घोरणाऱ्याकडे?

ते काही करत नाहीत. हेच भयंकर आहे. बसतात. पांघरूण सारखं करतात. मधेच काल मी सांगितलेलं मलाच परत सांगतात. म्हणाले, आठवतं, शाळेसमोर पाऊस, तू उभी होतीस, आणि मी छत्री घेऊन आलो. तुझं दप्तर माझ्या खांद्यावर.

मी म्हटलं, तुम्ही नव्हता आला. आई आली होती.

ते म्हणाले, नीट आठव.

नीट आठवलं. छत्री दिसली. काळी, एक काडी मोडलेली. छत्रीखाली चेहरा होता तो त्यांचा होता.

संध्याकाळी वायरलेसवर बाबा आले. खालचे. आवाज जड होता. म्हणाले, वाऱ्यात कुणीही वर आलं नसतं, मग सांगून उपयोग काय होता? मी विचार करून गप्प राहिलो. मग म्हणाले, माझंही वय झालंय ठमे. मी वाट पाहिली. अजून काहीतरी म्हणतील. मागून मावशी म्हणत होती, बोला ना, तिला बोला. ते म्हणाले, उद्या दुपारपर्यंत वारा पडेल, आम्ही येतोच. आणि ठेवून दिलं.

एकाही माणसाला वर सोडलं नाही म्हणून ज्याचा गावभर लौकिक, त्याला आपली मुलगी वर राहिली हे सांगता आलं नाही. घरी जाऊन सूप प्यायला असेल. मोजे कोरडे करायला टाकले असतील.

वरचा माझ्या उशाशी बसून होता. माझ्या डोळ्यांतलं पाणी बोटाने पुसलं. बोट लागलं तिथे गाल बधिर झालाय.

११ ऑक्टोबर

रात्री कूस बदलताना गुडघा आवळला गेला. किंचाळले. बाबा गं, म्हणून किंचाळले.

असं कुणी म्हणत नाही. कुणीही म्हणत नाही असं. माणूस आईलाच

लिहून ठेवते. आई. रुग्णालयाच्या धोबीखान्यात होती. दात पुढे होते, हसताना हात तोंडावर धरायची. मनगटांवर — मनगटांवर काहीतरी होतं. टायफॉइडमध्ये माझ्या उशाशी ती बसली होती. ती. मला आता तिथे तो दिसतो, हातात ओला रुमाल, पण ती होती हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि दिसणं आता वेगळं झालंय.

तो एकेक घेतोय. मी सांगितलं ते सगळं. मीच त्याच्या पुढ्यात मांडलं.

त्याला म्हटलं, आईला परत द्या. तो म्हणाला, कोण?

रागाने नाही. खरंच विचारलं त्याने.

दुपार

मावशी वायरलेसवर. माणसं निघाली. बाबाही आहेत त्यांच्यात, त्यांनी हट्ट धरला म्हणाली. अंधार पडायच्या सुमाराला पोहोचतील. ढग परत खाली येतोय, पण ते येतात. दिवा लावून ठेव.

दिवा लावला.

तो दाराशी उभा राहिला. म्हणाला, ते तुला खाली नेतील ठमे. खाली गेलो की मी परत तसाच होईन.

मला कळलं तो काय म्हणाला. पूर्ण कळलं. खाली तो एकच बाबा आहे, स्टँडवर दुसऱ्याच बाईच्या पाठीवर थाप मारणारा. तो आज येईल, गुडघ्याकडे बघेल, गावात सांगेल की मुलीला आणलं खाली. आणि मी परत शहरात जाऊन लोकांच्या कवळ्या घासत बसेन, आणि वर्षातून एकदा फोन.

तो खाली बसला, पाठ माझ्याकडे केली. ये, म्हणाला. पाठुंगळी घेतो.

मला कुणी पाठुंगळी घेतलेलं नाही. कधीच नाही. आईची पाठ दुखायची. — पाठ दुखायची! हे आठवलं! इस्त्री करून करून पाठ

अंधारात

खोपीत नाही. वर आहे. दोन खडकांच्या मधे. त्याने आणलं. मी गेले, नाही म्हणाले नाही, गळ्यात हात टाकले.

बर्फ पडतोय. थंडी वाजत नाहीये, ते वाईट असतं, बाबांनीच सांगितलं होतं. कोणत्या ते —

तो शेजारी. हात धरलाय. माझ्या लग्नाची गोष्ट सांगतोय. माझं लग्न झालं नाही. तो सांगतो किती छान झालं.

कंदिलाच्या उजेडात लिहितेय. वात बारीक —

एका बाईचे दात पुढे होते. कोण

नंतर

खाली दिवे. खोपीपाशी. चार, पाच. हलतायत. हाका मारतायत, माझं नाव. वाऱ्यातून तुटक येतंय.

त्यांच्यात एक आवाज फुटलेला. रडतोय. ठमे, ठमे, चुकलो गं, ठमे. तो रडतोय. खराखुरा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आणि मी इथे

लांब नाही. एक हाक ऐकू जाईल. मला जायचंय. मला खाली जायचंय, त्याच्याकडेच, तसल्याच बापाकडे. त्याला ठाऊक असेल तिचं नाव. त्या बाईचं. तिच्याशी लग्न केलं होतं त्याने. त्यालाच विचारता येईल, दुसऱ्या कुणाला —

कंदील हलवला. पडला. विझला. चाचपडत लिहितेय, ओळीवर ओळ येत असेल

दिवे वळतायत. दुसऱ्या बाजूला. धारेकडे नको, इकडे, इकडे

ओरडले. जीव खाऊन. बाबा! म्हणून ओरडले.

शेजारून आलं — ओ.

खालून काही नाही. परत ओरडले, बाबा! परत कानाशी, ओ, ठमे, इथेच आहे मी. किती मायेने. हात घट्ट केला. मी हाक मारते ती त्याच्यापाशीच थांबते, खाली जातच नाही, दिवे लहान होत चाललेत, दुसरी हाक मारायला हवी पण दुसरं मी त्यांना काय म्हणू, मला दुसरं काही